मूळ स्थितीत आणण्यापूर्वी

आमच्या घरचा कॉम्प्युटर मूळ स्थितीत आणायचा, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मुलानं ठरवलं. गणपतीला चार दिवस घरी आला होता. त्या चार दिवसांत त्याला त्या यंत्राचा इतका वैताग आला, की निघायच्या दिवशी बॅग भरता भरता म्हणाला, "आई, सगळं उडवून टाकतो. अर्ध्या तासात नव्यासारखा होईल." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "थांब, त्यात माझं आहे." "तुझं काय आहे त्यात?" त्यानं विचारलं. कुत्सितपणे नव्हे, खरोखर न कळून.

मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. "आहे काहीतरी," एवढंच म्हणाले. तो गेला, आणि नंतर मला माझाच राग आला. पंचवीस-तीस वर्षं संघटनेत काम करणारी, शिबिरांतून 'घरात बाईचं काय असतं?' हा प्रश्न इतर बायकांना विचारत फिरलेली मी, आणि मला माझ्याच घरातल्या एका पेटीत माझं काय आहे ते सांगता येऊ नये!

मग बसले. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर तास-दीड तास, असं जवळजवळ तीन आठवडे. त्या बसण्यातून जे सुचलं ते मैत्रिणींसमोर ठेवते आहे. यातलं काही तांत्रिक आहे. ते वाचून "हे आपलं काम नाही" असं म्हणून पान उलटू नका, एवढीच विनंती.

हा कॉम्प्युटर आम्ही २०१३ च्या दिवाळीत घेतला. हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. घेताना दुकानदारानं नाव विचारलं तेव्हा माझ्या जोडीदाराचं नाव घातलं गेलं, आणि यंत्राचा 'प्रशासक' तेव्हापासून तोच आहे. प्रत्यक्षात त्यानं त्यावर आयकर विवरण आणि क्रिकेटचे स्कोअर यापलीकडे फार काही केलं नाही. मुलाचं त्याच्या नावाचं स्वतंत्र फोल्डर होतं, नवऱ्याचं होतं. माझं नव्हतं. मी काम करत होते ते समोरच्या पडद्यावर, जिथं जागा मिळेल तिथं. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'न्यू फोल्डर तीन' अशी माझी वस्ती पसरली होती. कुणी मला मज्जाव केला नव्हता, हेही खरं. मीच कधी स्वतःच्या नावाचं फोल्डर उघडलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यावर वही ठेवून हिशोब लिहायची सवय इथंही आली, दुसरं काय.

त्या फोल्डरांतून काय काय निघालं! संघटनेच्या बैठकांची इतिवृत्तं. बचत गटांचे हिशोब. दोन अहवाल, एक अर्धवट राहिलेला. सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, त्यांच्या शेवटच्या वर्षी मी फोनवर टिपून घेतलेल्या आणि मग फोन बदलताना इथं उतरवलेल्या. त्या फाइलचं नाव होतं नुसता एक आकडा. 'सगळं उडवून टाकतो' या वाक्यात ते सगळं बसत होतं.

आता हे 'मूळ स्थिती' प्रकरण काय आहे ते पाहू, कारण शब्द फसवा आहे. अशा यंत्रात दोन वाटा असतात. एक विंडोजच्या सेटिंग्जमधून जाते. ती विचारते, 'माझ्या फाइल्स ठेवा' की 'सर्व काही काढून टाका'? पहिला पर्याय ऐकायला दिलासा देणारा आहे. पण त्यातही नंतर बसवलेले सगळे प्रोग्रॅम आणि आपण केलेल्या मांडण्या जातात, राहतात त्या आपापल्या खात्यातल्या फाइल्स. त्या राहतील यावरही विसंबू नये. ज्या बचत गटाचा हिशोब एखाद्या हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या पोटातल्या फोल्डरमध्ये साठतो, त्यांनी तर मुळीच नाही. दुसरी वाट यंत्र बनवणाऱ्यानं डिस्कच्या एका लपलेल्या कप्प्यात ठेवलेली असते. यंत्र सुरू होताना एखादी ठरावीक कळ दाबली की ते आपल्या जन्मदिवसाकडे परततं. आमचं यंत्र विकत घेतलं तेव्हा त्यात विंडोज ७ होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, फुकट बदल करून देण्याची मुदत संपायच्या आत, त्यावर विंडोज १० चढवलं. म्हणजे त्या लपलेल्या कप्प्यातली 'मूळ स्थिती' कोणती? विंडोज ७! त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० लाच बंद झालं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ या जुन्या यंत्राला पात्र समजत नाही. मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तो गप्प झाला. (मला थोडं बरं वाटलं, कबूल करते.)

आपल्यासारख्या मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. तो बाहेरच्या तंत्रज्ञ मुलांना सहसा माहीतच नसतो, म्हणून त्यावर जरा थांबते.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपण मराठी टाइप केलं ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सोयींवर. त्या नसत्या तर आपली निम्मी पत्रकं निघाली नसती, हे आधी सांगून टाकते. पण त्या काळच्या बहुतेक फाँटांत यंत्राच्या लेखी मराठी अक्षर असं काही नव्हतंच. इंग्रजी अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर मराठी आकार चढवलेला असे. फाँट आहे तोवर 'हुंडाबळी' हा शब्द 'हुंडाबळी' दिसतो. फाँट गेला की त्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची खूण यांचा काला उरतो. पुढे युनिकोड आलं. देवनागरीला त्यात १९९१ पासूनच जागा होती, पण आपल्या टेबलापर्यंत ते पोचायला खूप वेळ लागला. आज आपण फोनवर जे मराठी लिहितो ते युनिकोड. जुनं मात्र जुन्याच फाँटात आहे.

माझ्याकडे अशा २१४ फाइल्स निघाल्या. यंत्र मूळ स्थितीत गेलं असतं तर फाइल्स वाचवूनही त्या वाचता आल्या नसत्या, कारण फाँट गेले असते. ते पुन्हा बसवायची सीडी कुठं आहे? त्या प्रोग्रॅमसोबत मागे खोचायचं छोटं कुलूप यायचं, ते कुठं आहे? आमचं कुलूप कार्यालय बदलताना हरवलं. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. यंत्र अजून ते मराठी ओळखतं आहे तोवर एकेक फाइल उघडून तिची पीडीएफ केली. पीडीएफच्या पोटात फाँट भरून ठेवता येतो, त्यामुळे ती कुठंही दिसते तशीच दिसते. आणि ज्या फाइल्सचा मजकूर पुढे लागणार आहे, त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. बदल करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते जोडाक्षरांत आणि रफारात हमखास घोळ घालतात, डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. पीडीएफचा एक तोटा म्हणजे ती दिसते मराठी, पण तिच्यात शब्द शोधायला गेलं तर बऱ्याचदा पुन्हा तोच काला हाती येतो. शिवाय फाँटांच्या मूळ फाइल्स विंडोजच्या फाँट-फोल्डरमधून उचलून वेगळ्या ठेवल्या.

एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या गटातल्याच एका तरुण मैत्रिणीनं विचारलं. जुनी इतिवृत्तं कोण वाचणार आहे? मला ताराबाई शिंदे आठवल्या. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापून आलं आणि नंतर विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा आपल्या पिढीला ते वाचायला मिळालं. मधली नव्वद-त्र्याण्णव वर्षं ते टिकलं, कारण छापलेली प्रत कुठंतरी होती आणि ती उघडल्यावर वाचता येत होती. कागदाला फाँट लागत नाही. आपण सायक्लोस्टाइलवर काढलेली पत्रकं आजही वाचता येतात, हाताला शाई लागलेली असली तरी. २००३ मध्ये मोठ्या कौतुकानं 'कॉम्प्युटरवर घेतलेला' अहवाल मात्र वाचता येत नाही, ही गंमत नाही.

आता दुसरी बाजू. इथं आपल्या जबाबदारीचा प्रश्न येतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचं सल्ला केंद्र बंद झालं. बायकांचे फोन माझ्या घरी यायला लागले. मी नोंदी घेत होते त्या याच यंत्रावर, हॉलमध्ये बसून. नावं, पत्ते, मुलांच्या शाळा, कोणी काय केलं, कुठं मारलं. त्या नोंदी त्या 'न्यू फोल्डर'मध्ये तशाच होत्या, कुलूप नाही, काही नाही. घरातलं कुणीही उघडू शकलं असतं. उघडलं नाही हा माझ्या घरच्यांचा सभ्यपणा. ती काही माझी दक्षता नव्हे. बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८अ प्रमाणे आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे, हे आपण पत्रकारांना किती वेळा सुनावलं असेल! आपल्या स्वतःच्या पेटीची झडती आपण कधी घेतली?

हे यंत्र मूळ स्थितीत आणून वस्तीतल्या अभ्यासिकेला द्यायचं आहे. आणि इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नुसतं पुसलेलं हे पुसलेलं नसतं. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरून फाइल काढून टाकली की फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते, मजकूर तिथंच पडून राहतो आणि त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो शोधून काढता येतो. म्हणून 'सर्व काही काढून टाका' निवडल्यावर पुढच्या सेटिंग्जमध्ये डेटा स्वच्छ करण्याचा एक वेगळा पर्याय येतो. तो चालू करावा लागतो, आपोआप होत नाही. त्याला काही तास लागतात. मुलाचा अर्धा तास हा त्याशिवायचा हिशोब होता. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर फक्त विंडोजचाच पुसायचा की सगळे, हेही तिथंच विचारलं जातं. मी सगळे म्हणणार आहे.

म्हणजे एकाच यंत्रात जपायचं आणि निःशेष पुसायचं, दोन्ही आहे. कोणतं कोणतं, हे फक्त मलाच ठाऊक. मुलाला कसं कळणार होतं?

तिसरी गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. केंद्रात आलेल्या एका मैत्रिणीची आहे, ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत. नवऱ्यानं तिच्या लॅपटॉपवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम बसवला होता. ती काय लिहिते, कुणाशी बोलते, सगळं त्याला कळायचं. शिवाय धमक्यांचे ईमेल. ती माहेरी आल्यावर भावानं अगदी जिव्हाळ्यानं, रातोरात लॅपटॉप साफ करून दिला. "ताई, आता नव्यानं सुरुवात कर." पाळत गेली, आणि पाळत ठेवली जात होती याचा पुरावाही गेला. ईमेल खात्यात होते तेवढे वाचले. भावाला दोष देववत नाही. पण 'झालं गेलं विसर, पहिल्यासारखी हो' असं सांगणाऱ्या आपल्या सगळ्या नातेवाइकांत आणि त्या रात्रीच्या कामात मला फार फरक दिसत नाही.

कायद्यात मूळ साधनाला मोल आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खाली असे. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते आवश्यकच असल्याचं सांगितलं. त्याच निकालात असंही म्हटलं, की ज्या लॅपटॉपवर किंवा फोनवर ती नोंद मुळात साठली, तो त्याच्या मालकानं स्वतः साक्षीला उभं राहून न्यायालयात सिद्ध केला तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात नोंदीचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक संकेतांक. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. खटला उभा राहण्याची शक्यता असेल तिथं यंत्राला हात लावण्याआधी वकील मैत्रिणीला विचारा. प्रोग्रॅम दिसत असेल तर पडद्याचे दुसऱ्या कॅमेऱ्यानं फोटो घ्या. यंत्र बंद करून जपून ठेवा आणि कामासाठी दुसरं वापरा. पाळतीचा प्रोग्रॅम एकदम काढला तर पलीकडच्याला कळतं, आणि त्या कळण्यातून बाई घरात असताना काय होऊ शकतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि साफ केलंच, तरी सगळे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावे लागतात. ते जुनेच राहिले तर तो मागच्या दारानं पुन्हा आत.

पासवर्डांवरून आठवलं. संघटनेच्या ईमेलचा पासवर्ड आमच्या यंत्राला ठाऊक होता, मला नव्हता. वर्षानुवर्षं ब्राउझर तो स्वतःच भरत होता. विसरला असेल तर परवलीचा आकडा कुणाच्या फोनवर जातो ते पाहिलं, तर तो क्रमांक सहा वर्षांपूर्वी परगावी गेलेल्या कार्यकर्तीचा. नवीन लॅपटॉपांचं तर आणखीच. त्यातल्या अनेकांत डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि तिची सुटकेची किल्ली, अठ्ठेचाळीस आकडी, ज्याच्या खात्यानं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं त्याच्या खात्यात जाऊन बसते. आपल्यापैकी किती जणींचा लॅपटॉप स्वतःच्या खात्यानं सुरू झाला आहे? भाच्यानं, दिरानं, दुकानातल्या मुलानं 'करून दिला' असेल तर किल्ली त्याच्याकडे. घर कोणाच्या नावावर आहे हे आपण सर्वेक्षणात विचारतो. पुढच्या सर्वेक्षणात हाही प्रश्न घालावा असं मी सुचवणार आहे.

एखाद्या मुलाला बोलावून हे करून घ्यावं, आपली शक्ती मुख्य कामाला राखावी, असं काही जुन्या मैत्रिणींचं मत आहे. मला ते पटत नाही. मुलगा बटण दाबेल, जरूर दाबू दे. पण काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, हा निर्णय बटण दाबण्याच्या आधीचा आहे. तो संघटनेचा आहे, त्याला बैठक लागते. आम्ही अशी बैठक घेतली. तीन तास चालली, दोन वेळा चहा झाला, आणि केसच्या नोंदींवरून भांडणही झालं. एकीचं म्हणणं, बंद झालेल्या केसेस पुसाव्यात. दुसरीचं म्हणणं, त्यातल्या बायकांना विचारल्याशिवाय पुसणारे आपण कोण? शेवटी ज्यांच्याशी संपर्क होईल त्यांना विचारायचं ठरलं. तोवर त्या नोंदी पासवर्ड घालून वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क केंद्राच्या कपाटात. बाकीच्या सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. प्रत केली म्हणजे झालं असंही नाही. मी दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क लावून फाइल्स उघडून पाहिल्या, तर अकरा उघडेनात. पुन्हा उतरवल्या.

यंत्राच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरची किल्ली वहीत उतरवली. इंटरनेटच्या तारेचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेतला, नाहीतर नव्यानं जन्मलेलं यंत्र बाहेरच्या जगाशी बोलतच नाही आणि ड्रायव्हर आणायला पुन्हा इंटरनेट लागतं. अभ्यासिकेत ते लिनक्सवर चालवावं असं चाललं आहे. तिथल्या मुलींनाच ते बसवायला शिकवायचं, असं आमच्या तरुण मैत्रिणीनं अंगावर घेतलं आहे, खटाटोप कशाला म्हणणारीनंच.

आता राहिल्यात त्या सीडी. घरात सीडी वाचणारं हे एकच यंत्र उरलं आहे. मुलाच्या आणि सुनेच्या लॅपटॉपला ती खाचच नाही. बेचाळीसपैकी एकेचाळीस वाचून झाल्या. बेचाळिसाव्या सीडीवर एका जुन्या शिबिरातली गाणी आहेत, वर मार्करनं नुसतं 'बायका, रात्री' लिहिलं आहे. अक्षर माझं नाही. ती घरघर करते आणि थांबते. मऊ फडक्यानं मधून बाहेर अशी पुसून पाहिली, अर्धी वाचली गेली. काल मुलाचा फोन आला, या रविवारी येऊन करून टाकू का म्हणून. त्याला म्हटलं, अजून आठ दिवस दे.